कॉलेजच्या क्विझला संघ कशामुळे वाढतात?

नमस्कार. महाविद्यालयीन क्विझ स्पर्धांना येणाऱ्या संघांची संख्या कशामुळे वाढते, हा आजचा विषय आहे. बक्षिसाच्या रकमेपेक्षा स्पर्धेचे नियम आणि प्रश्नांची घडण यांचा त्यात मोठा वाटा असतो, असे माझे मत आहे.

भारतातील पहिली औपचारिक खुली क्विझ 1967 मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी घेतली. 1983 मध्ये बंगळूरूत कर्नाटक क्विझ असोसिएशन स्थापन झाली, 1985 मध्ये सिद्धार्थ बसू यांच्या 'क्विझ टाइम'मुळे महाविद्यालयांचे संघ दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचले, आणि पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या बोट क्लबच्या नावाने चालणाऱ्या क्विझ क्लबभोवती या छंदाची मंडळी जमत गेली.

पूर्वीच्या पद्धतीत प्रश्न ठरलेल्या संघाला विचारला जाई आणि त्याला उत्तर आले नाही तर तो शेजारच्या संघाकडे जाई, त्यामुळे कच्च्या संघाच्या पुढच्या खुर्चीवर बसलेल्यांचे आयते फावत असे. आता 'पाउन्स'मध्ये प्रश्न कोणाचाही असला तरी इतर संघ आधीच उत्तर लिहून देऊ शकतात, अर्थात चुकल्यास गुण गमावण्याची तयारी ठेवून. खुर्चीचे नशीब त्यामुळे पुष्कळ कमी झाले.

प्रश्नही बदलले, आणि मला हा बदल अधिक मोलाचा वाटतो. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेची स्थापना कधी झाली, असे विचारले तर 1917 हे साल ज्याला पाठ आहे तोच उत्तर देईल. त्याऐवजी असे विचारून पाहा: 1919 मध्ये पुण्यात हाती घेतलेले आणि 1966 मध्ये पूर्ण झालेले असे कोणते काम आहे, ज्यासाठी ठिकठिकाणची शेकडो हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहावी लागली? साल माहीत नसलेला विद्यार्थीही हस्तलिखिते, पुणे आणि जवळपास पाच दशकांचा काळ यांची सांगड घालत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपर्यंत पोहोचू शकतो. पहिल्यांदा आलेल्या संघाला असे एखादे उत्तर स्वतः काढता आले, तर तो पुन्हा येण्याची शक्यता वाढते.

तरीही आपल्याकडे एक अडचण राहतेच. लेखी प्राथमिक फेरीला सभागृह भरते, मंचावर मात्र सहा किंवा आठ संघ जातात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. (नोंदणीचा आकडा मात्र अहवालात झळकतो!) अमेरिकेतील महाविद्यालयीन क्विझ बोलमध्ये, म्हणजे संघांच्या बझरवरच्या क्विझमध्ये, विशेषतः 1996 मध्ये स्थापन झालेल्या एनएक्यूटी या संस्थेच्या विभागीय स्पर्धांत, प्रत्येक संघ दिवसभर एकामागून एक सामने खेळतो. बझरवरच्या प्रश्नाला 10 गुण, लवकर ओळखल्यास 15, आणि प्रश्न पूर्ण होण्याआधी चुकीचे उत्तर दिल्यास 5 गुण वजा, असा हिशोब असतो. नवख्यांसाठी वेगळा दुसरा विभाग असल्यामुळे त्यांना पहिल्याच वर्षी मुरलेल्या खेळाडूंपुढे उभे राहावे लागत नाही.

टाटा समूहाच्या टाटा क्रूसिबल या क्विझची महाविद्यालयीन स्पर्धा 2020 मध्ये ऑनलाइन आणि वैयक्तिक झाली, तेव्हा जोडीदार शोधण्याची आणि प्रवासखर्चाची अडचण दूर झाली. हा लाभ लहान गावांतील विद्यार्थ्यांना अधिक होतो. परंतु शेजारी बसून कुजबुजत उत्तर काढण्याची मजा त्यात नाही, म्हणून विभागीय पातळीवर तरी संघांच्याच स्पर्धा असाव्यात. प्राथमिक फेरीत मागे पडलेल्या संघांसाठी त्याच दुपारी शेजारच्या वर्गात, वेगळ्या प्रश्नसंचावर दुसरी अंतिम फेरी घेता येईल. त्यासाठी आणखी एक क्विझमास्टर आणि काही बझर एवढेच लागतील.