टीचरचा शनिवार

(दृश्य : पावसाळी दुपार. पियानोच्या खालच्या फळीतून झिरपणारा पिवळा उजेड.)

वसईतलं घर. पावसाळा आहे, म्हणून पियानोच्या पोटात एक छोटा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवलाय. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. बल्बच्या उबेनं तेवढं आवरतं. समोरच्या स्टुलावर गेली तीस वर्षं मुलं बसतात आणि शेजारच्या खुर्चीत टीचर. गावात त्यांना सगळे टीचरच म्हणतात, पोस्टमनसुद्धा.

पियानो शिकवायला आपल्याकडे कुठला परवाना लागत नाही. पियानोच्या परीक्षांतली आठवी ग्रेड पदरात पडली की पुष्कळजण शिकवायला लागतात, आणि आपल्याला जसं शिकवलं तसंच पुढे शिकवत राहतात. टीचरच्या खणात एक जुना रुपया आहे. तो मुलाच्या हाताच्या पाठीवर ठेवायचा. वाजवताना पडला, की पुन्हा पहिल्यापासून.

ही खोड जुनी आहे. डब्लिनमध्ये शिकवणाऱ्या लोजिए यांनी तर १८१४ साली मनगट जखडणाऱ्या चौकटीचं पेटंटच घेतलं होतं. हलावीत ती फक्त बोटं. तेव्हाच्या पियानोच्या पट्ट्या हलक्या, म्हणून ते खपून गेलं. मग वाद्य जड होत गेलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये टोबायस मॅथे यांच्यासारखे शिक्षक सांगू लागले, की नुसत्या बोटांना राबवू नका, अख्ख्या हाताचं वजन वापरा.

टीचरच्या खणापर्यंत ही गोष्ट यायला शंभर वर्षं लागली.

(दृश्य : लोकलची खिडकी. मांडीवरच्या पर्सवर हलणारी बोटं.)

वय ५८. महिन्यातून दोन शनिवारी टीचर चर्चगेट लोकल पकडून शिकायला जातात. तिथे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान शिक्षिका त्यांचं कोपर धरते आणि म्हणते, "सोडा. अजून सोडा." जन्मभर सांभाळलेलं मनगट काही केल्या सुटत नाही.

गृहपाठ मिळाला तो वेगळाच : स्वतःचा तास मोबाइलवर रेकॉर्ड करून बघायचा. बघितला. अर्ध्या तासातली १९ मिनिटं टीचरच बोलत होत्या. मुलीनं वाजवायला हात उचलला, की यांची पेन्सिल पुस्तकावर.

"दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही मी," त्या हसतात.

बाकी बदलही आहेत. या ग्रेडच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या एबीआरएसएम संस्थेनं २०२० साली परफॉर्मन्स ग्रेड आणल्या : चार पीस सलग वाजवायचे, व्हिडिओ पाठवायचा, स्केल्सच्या आरोह-अवरोहांना सुट्टी. ही बातमी टीचरच्या आधी पालकांना लागली होती.

पण खरी पंचाईत मुलांच्या घरी असते. तिथे बहुधा ६१ पट्ट्यांचा कॅसिओ. त्याच्या पट्ट्या फुंकर मारली तरी दबतील अशा. मग हाताचं वजन टाकायचं कशावर? यावरचा उपाय टीचरनी स्वतःच काढला. मुलीचा हात त्या आपल्या तळहातावर घेतात आणि तो खरोखर जड लागेपर्यंत गप्प बसतात. कधी कधी दोन मिनिटं जातात. मुलीला हसू फुटतं, आणि हसली की हात आपोआप जड होतो.

(दृश्य : सोमवार, साडेचार.)

मुलगी वाजवतेय. तिसऱ्या ओळीत चुकते. टीचर पेन्सिल उचलतात. परत ठेवतात.

मुलगी थांबते, एकदा त्यांच्याकडे बघते, आणि ती ओळ आपणहून पुन्हा घेते.