ऐकू येतं, पण पोचत नाही

(ध्वनी : एकसारखे चार स्वर, पाचवा किंचित वरचा.)

पाचवा स्वर वेगळा होता. तुमचं लक्ष दुसरीकडे असतं, तरी मेंदूनं तो पाव सेकंदाच्या आत टिपला असता. फिनलंडचे रिस्तो नेटेनेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालींच्या आलेखात ही खूण दाखवली. तिला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांमध्ये ती क्षीण असते, कानाची तपासणी नॉर्मल आली तरीही.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की आपण भासांबद्दल बोलतो, कुणी नसताना ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल. पण जे आवाज खरोखर आहेत, आईचं बोलणं, डॉक्टरांच्या सूचना, कंडक्टरचा प्रश्न, तेही मेंदूत पुसट उमटत असतील, हे घरात सहसा कुणाच्या मनात येत नाही.

दोन स्वरांतला फरक ओळखायला सांगितला, तर स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना तो फरक मोठा असावा लागतो. तेवढा वाढवला, की ऐकलेला स्वर काही सेकंद इतरांइतकाच त्यांच्या लक्षात राहतो. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. साठवण शाबूत आहे. नोंदच धूसर होते आहे.

आणि सूर निसटला की भावही निसटतो. "जेवलास का?" यात काळजी आहे की राग, ते सुरावरूनच कळतं. आजारी मुलगा काहीच बोलत नाही, आणि घरचे म्हणतात, "याला कशाचं काही नाही." दूध, कोथिंबीर, गोळ्या आणायला सांगितलं, नुसतं दूध आलं, की "आळशी" हा शिक्का बसतो. दर वेळी कारण ऐकण्यातच असेल असं नाही. लक्ष टिकत नसेल, औषधाची गुंगीही असेल. पण आळस म्हणण्याआधी हे सगळं तपासायला हवं.

२००९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सोफिया विनोग्रादोव्ह यांच्या गटानं रुग्णांकडून संगणकावर ५० तास ध्वनी ओळखण्याचा सराव करून घेतला. त्यांची शब्दांची स्मृती सुधारली. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांना इतकं यश आलं नाही, पण वाट दिसली आहे.

शुभंकरांना, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना मात्र आजपासून करता येईल असं बरंच आहे. बोलताना टीव्ही बंद करा. समोर बसा. एका वेळी एकच गोष्ट सांगा, उत्तराला वेळ द्या, यादी कागदावर लिहून द्या. आणि आवाज चढवू नका. ज्या घरात सतत टीका आणि चिडचिड असते, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे लंडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, त्याला अर्धशतक उलटून गेलं.