ट्राजनचा पूल बांधणारा अपोलोडोरस

नमस्कार मंडळी, आज ज्या माणसाबद्दल बोलणारे त्याचं नाव अपोलोडोरस, गाव दमास्कस, म्हणजे मूळचा सिरियाचा, आणि काम केलं रोममध्ये सम्राट ट्राजनकडे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला.

आता ट्राजनला डॅन्यूब ओलांडून डेशियावर, म्हणजे आजच्या रोमानियाच्या भागात, फौज न्यायची होती. तर या गड्याने 103 ते 105 या दोनतीन वर्षांत तिथे पूल उभा केला! लांबी एक किलोमीटरच्या वर, खाली 20 दगडी खांब आणि वर लाकडी कमानी. कॅसियस डिओ नावाचा इतिहासकार लिहितो की पाणी खोल, तळाला चिखल, आणि नदी दुसरीकडे वळवायचीही सोय नाही, अशा ठिकाणी पाया घातला म्हणून नवल. मला तर वाटतं त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

रोममधला ट्राजनचा फोरम, म्हणजे मोठा सार्वजनिक चौक, त्याचाच, स्नानगृहंही त्याचीच. फोरममधला स्तंभ 113 सालचा, तोही त्याचाच मानतात. बाहेरून सगळे त्यावर कोरलेली युद्धाची चित्रंच बघतात, पण खरी करामत आतमध्ये आहे. संगमरवराचे एकेक 30 टनांच्या आसपासचे ठोकळे एकावर एक चढवलेत आणि त्यांच्या पोटातून 185 पायऱ्यांचा गोल जिना वर जातो, उजेडाला बारीक बारीक झरोके. आता विचार करा, एका ठोकळ्यातला जिना वरच्या ठोकळ्यातल्या जिन्याला बरोबर जुळायला हवा, जरा चुकलं की एवढं धूड परत कोण उतरवणार?

पुढे हेड्रियन गादीवर आला. डिओ सांगतो की आधी एकदा ट्राजनशी कामाचं बोलणं चालू असताना हेड्रियन मधेच बोलला, तर अपोलोडोरस म्हणाला, जा, भोपळ्यांची चित्रं काढत बस. नंतर हेड्रियनने स्वतः केलेला मंदिराचा आराखडा त्याच्याकडे पाठवला, तर याने कळवलं की देवींच्या मूर्ती एवढ्या मोठ्या आहेत की उठून उभ्या राहायचं म्हटलं तर राहता येणार नाही. म्हणून आधी हद्दपार केलं आणि मग मारलं म्हणे. बऱ्याच अभ्यासकांना हे पटत नाही, मलाही शंका वाटते, कारण डिओने हे लिहिलं ते जवळजवळ शंभर वर्षांनी. पण लोक तेवढीच गोष्ट लक्षात ठेवतात आणि पूल विसरतात, याचं खरंच वाईट वाटतं.

पुलाचा वरचा लाकडी भाग हेड्रियनने काढून टाकला, शत्रू अलीकडे येतील या भीतीने, असंही डिओच सांगतो. खांबांचे अवशेष मात्र रोमानिया आणि सर्बिया दोन्ही काठांवर अजून आहेत. तिकडे जाणं नाही जमलं आणि लंडनला कधी गेलात तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ट्राजनच्या त्या स्तंभाची प्लास्टरची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, छताला लागेल म्हणून दोन तुकड्यांत उभी केलेली, आणि तिकीटही नाही. तिच्यावर ट्राजन देवाला अर्घ्य देतोय तो प्रसंग शोधा, त्याच्या मागे हाच पूल कोरलाय, दगडी खांब आणि लाकडी कमानींसकट.