९६५ की ९७०?

(हातात चित्रांचं पुस्तक)

नमस्कार मंडळी! हे पुस्तक बघा. इकडून उघडलं की इंग्रजी, पालथं करून तिकडून उघडलं की अरबी. आम्ही शारजात राहतो, लेक शाळेत अरबी शिकतो, म्हणून रात्री झोपताना हे असलं वाचन चालतं.

पहिल्याच पानावर गाडी अडली. इब्न अल-हैथम, प्रकाशाचा अभ्यास करणारा जुना अरब शास्त्रज्ञ, जन्म इराकमधल्या बसऱ्यात, साधारण ९६५ सालचा. लेकाने अरबी बाजूला वाचलं, ९७०! चूक त्याची नाही हो. अरबी नऊ इंग्रजी नवासारखाच, सहा दिसतो इंग्रजी सातासारखा आणि पाच म्हणजे आपलं गोल शून्य. त्यांचं शून्य? नुसतं टिंब. आणि गंमत म्हणजे या आकड्यांना अरबीत म्हणतात 'हिंदी आकडे'!

दुसरा घोळ नावाचा. इंग्रजी बाजूला लिहिलंय 'अल्हाझेन'. त्याचं स्वतःचं नाव अल-हसन, लॅटिनमध्ये त्याचं हे असं झालं. लेकाला वाटलं, दोन वेगळी माणसं. दोन्ही नावं एका चित्राखाली छापली असती तर काय बिघडलं असतं?

आता माझी खरी तक्रार. अशी बरीच पुस्तकं पानभर सांगतात, हा अमक्याचा जनक, तो तमक्याचा जनक. पोरं जांभया देतात. त्यापेक्षा त्याला पडलेला प्रश्न द्या ना! युक्लिड, टॉलेमी हे जुने ग्रीक विद्वान म्हणायचे, डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसतं. हा इब्न अल-हैथम म्हणाला, मग सूर्याकडे बघितलं की डोळे का दुखतात? प्रकाश बाहेरून आत येतो.

'किताब अल-मनाझिर' या प्रकाश आणि दृष्टीवरच्या ग्रंथात त्याने अंधाऱ्या खोलीचा प्रयोग दिलाय. आम्ही तो बुटांच्या खोक्यात केला.

(खोकं कॅमेऱ्याजवळ)

इथे सुईने भोक. समोर बटर पेपर. बाहेर दोन मोबाईलचे टॉर्च, शेजारी शेजारी, थोडे लांब. खोलीतला दिवा बंद. कागदावर दोन ठिपके दिसतायत? दोन्ही प्रकाश एकाच भोकातून आले, पण एकमेकांत मिसळले नाहीत. आता उजव्या टॉर्चवर हात ठेवते. गेला कुठला? डावा! किरण सरळ रेषेत येतात, भोकापाशी एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. तुम्ही मला ज्या कॅमेऱ्यातून बघताय ना, त्याचं नावही लॅटिनमधल्या 'खोली'वरूनच आलंय.

लेकाने हा खेळ वीसेक वेळा केला. मग विचारतो, "आई, डोळ्यातपण असंच उलटं होतं का गं?"

बघा, नेमकं इथेच इब्न अल-हैथमचंही घोडं अडलं होतं! डोळ्यात चित्र उलटं पडतं हे त्याने काही मानलं नाही. ते केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने मांडलं, १६०४ साली. आमच्या पुस्तकात ते पान नाहीच. मग लेकाने मागच्या कोऱ्या पानावर एक डोळा काढलाय, आत उलटा उंट.

(पान दाखवत)

हा बघा.