चोरीचा आळ आणि कोर्टातला पहिला प्रश्न

[दृश्य: इमारतीचा जिना. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला.]

घरातली सोनसाखळी गेली. कुलूप शाबूत, कपाट शाबूत. बाहेरून रोज येणारं माणूस एकच, भांडी-फरशीला येणारी बाई. संध्याकाळपर्यंत तिचं नाव पोलीस ठाण्यात पोहोचलेलं असतं.

कायद्यातली चोरी म्हणजे काय? दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणं. हेतू महत्त्वाचा, आणि तो सिद्ध करायचा सरकार पक्षाने. आपलीच समजून कुणी दुसऱ्याची वस्तू उचलली, तर ती चोरी नाही. हे उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७९ गेलं, भारतीय न्याय संहितेचं ३०३ आलं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर किमान १ वर्ष, कमाल ५. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केल्याचा आरोप असेल तर कलम ३०६ आणि ७ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे त्या बाईवरचा आरोप साध्या चोरीपेक्षा जड. उलट माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. इतक्या किरकोळ चोरीत पोलिसांना वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही.

पण लोकांचं खरं नुकसान शिक्षेने होतं असं नाही. ते निकालाच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असतं.

[दृश्य: पोलीस ठाण्याचा व्हरांडा. बाकावर बसलेली माणसं.]

७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. ती आली की जायचंच. टाळलं तर तेच अटकेचं कारण होतं. अटक झालीच, तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही, अपवाद फार थोडे.

आणि मग येतं ते वाक्य: "कबूल कर, लगेच सोडतो." पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मात्र कोठडीत आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग चालतो. म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही, अंगठा करू नये. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावं. भीड वाटते, पण ती नंतर महाग पडते.

[दृश्य: न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाबाहेरची गर्दी.]

प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. आरोपीला पुढे कोठडीत ठेवायचं का, हे ठरवण्याचा हा रिमांडचा प्रसंग काही मिनिटांचा असतो. साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे तेच पोलीस उभे. आरोपी मान हलवतो, नाही. पुढचा प्रश्न, "वकील आहे का?" इथेही उत्तर नाही असंच असतं, आणि घाबरलेला माणूस तेवढ्यावर थांबतो. त्याला पुढचं एक वाक्य ठाऊक नसतं: "मला सरकारी खर्चाने वकील द्या."

हे वाक्य म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्यानुसार कोठडीतली कोणतीही व्यक्ती, कोणतीही स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मोफत वकिलाचा हक्क आरोपीला सांगणं हे न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच खत्री प्रकरणात म्हटलं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. घरच्यांनी १५१०० वर फोन लावला तरी चालतो. फुकटचा वकील काय लढणार, असं लोक म्हणतात. काही वेळा ते खरंही असतं. पण रिमांडला मुळीच वकील नसण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

जामीन मंजूर होतो आणि माणूस तरी आतच राहतो, कारण जामीनदार कुठून आणायचा? १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन घातला होता. त्याच्या भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. आजही वकील नुसत्या वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय आरोपीच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याची मागणी करू शकतो. ती करायला मात्र वकील हवा. चोरीत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. तोही अर्ज करून मागावा लागतो.

[दृश्य: माळावरची पालं.]

आळ सगळ्यांवर सारखा येत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. पण गावात चोरी झाली की गाडी आधी कुठे वळते, ते पारध्यांच्या पालावर जाऊन विचारा.

[दृश्य: नक्कल विभागाची खिडकी.]

गुन्हा शाबित झाला तरी सगळं संपत नाही. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात पहिल्या चोरीला समज देऊन सोडण्याची तरतूद आहे, आणि तसं सोडलेल्याला दोषी ठरल्यामुळे अपात्र धरता येत नाही. कोर्ट आपणहून देईल म्हणून बसू नये, वकिलाने मागावं.

नोकरीच्या फॉर्मवर मात्र खटला लपवू नये. लपवाछपवी हेच नोकरी जाण्याचं कारण होऊ शकतं. निर्दोष सुटलात, तर निकालाची प्रमाणित नक्कल लगेच काढून घ्या. पोलीस पडताळणीला पहिल्यांदा तीच मागतात, आणि काही वर्षांनी जुनं प्रकरण शोधायला निघालं की नक्कल विभागात हेलपाटे मारावे लागतात.