'ऊर्फ'चा धागा: मॅन बेटावरची वंशावळ शोधताना

बंगळूरचं कब्बन पार्क तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ते नाव ज्यांचं, ते मार्क कब्बन मैसूरचे कमिशनर होते. आयरिश समुद्रातल्या मॅन बेटावरचं मॅकल्ड हे त्यांचं मूळ ठिकाण. १८६१ मध्ये परतीच्या वाटेवर सुएझला ते वारले आणि त्यांना मॅकल्डलाच पुरलं. नुसतं 'कब्बन' ऐकलं तरी जाणकार माणूस मॅन बेटाचं नाव घेतो. तिथली जुनी आडनावं 'मॅक' म्हणजे 'अमक्याचा मुलगा' अशी होती. बोलताबोलता 'मॅक'चा सुरुवातीचा भाग गळाला आणि उरलेला 'क' बापाच्या नावाला चिकटला. क्वेल, क्वाइन, करमोड, किसॅक, कॉर्लेट, कॅनेल. अर्धं बेट 'क'च्या बाराखडीत मावतं. ख्रिश्चन हेही तिथलं जुनं आडनाव आहे, 'मॅक क्रिस्टेन'वरून आलेलं. नोंदीत ते दिसलं तर धर्माचा रकाना समजू नका.

यातला पहिला धडा स्पेलिंगचा. हा 'क' इंग्रजीत सी, के आणि क्यू अशा तिन्ही अक्षरांनी लिहिला जातो, आणि जुना पाद्री कानाला लागेल तसं लिहायचा. अनुक्रमणिकेत एकाच स्पेलिंगवर थांबलात तर निम्म्या नोंदी हातच्या जातात. पहिल्या नावांचंही तेच. जुआन म्हणजे जॉन, इलियम म्हणजे विल्यम.

दुसरी चूक याहून महागात पडते. मॅन बेट इंग्लंडचा भाग नाही, युनायटेड किंग्डमचाही नाही. तिथे टिनवॉल्ड ही स्वतंत्र संसद आहे आणि नोंदणीचे कायदे वेगळे आहेत. तरी लोक इंग्लंड-वेल्सच्या जन्म-मृत्यू अनुक्रमणिकेत दिवसेंदिवस शोधत बसतात आणि नाव सापडत नाही म्हणून 'नोंदच नसावी' असा निष्कर्ष काढतात. बेटावर जन्म आणि मृत्यूची सरकारी नोंद १८७८ पासून सक्तीची झाली, लग्नांची १८८४ पासून. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांच्या लग्नांची सोय मात्र १८४९ पासून होती. दाखले राजधानी डग्लसच्या सिव्हिल रजिस्ट्रीतून, म्हणजे नोंदणी कार्यालयातून, मिळतात.

जनगणना मात्र इंग्लंडबरोबरच झाली, त्यामुळे माणसांच्या नावांसह १८४१ ते १९२१ ची पानं पाहायला मिळतात. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं होतं. ४४ वर्षांचा माणूस ४० चा दिसला तर घाबरू नका. १९२१ ची गणना जूनमध्ये झाली, म्हणजे सुट्टीचे पाहुणे आलेले असताना. १९११ मध्ये ५२,०१६ असलेली लोकसंख्या तेव्हा ६०,२८४ भरली. डग्लसच्या खानावळवजा घरात त्या रात्री झोपलेला माणूस तुमच्या घराण्याचा असेलच असं नाही.

इथवर काम सोपं आहे. १८७८ च्या मागे गेलं की चर्चची दप्तरं लागतात आणि खरी अडचण सुरू होते. बेट ५७२ चौरस किलोमीटरचं, त्यात १७ पॅरिश, म्हणजे चर्चचे विभाग. सर्वांत जुनं दप्तर बलाफचं, १५९८ चं. बाकीची बहुतेक सतराव्या शतकातली. आडनावं मोजकी आणि पहिली नावं त्याहून मोजकी: जॉन, विल्यम, थॉमस, कॅथरिन, मार्गारेट, अ‍ॅन. एका पॅरिशमध्ये एकाच दशकात तीन विल्यम केली बाप्तिस्मा घेतात. त्यातला आपला कोणता? इथे आवडता विल्यम निवडून पुढे धावणाऱ्याचा वंशवृक्ष शंभर वर्षं मागे जातो खरा, पण दुसऱ्याच घराण्यात. म्हणून आधी दफनाची नोंद बघा. लहानपणी मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या भावंडाला देण्याची चाल होती, त्यामुळे पहिला विल्यम दोन वर्षांतच गेलेला असू शकतो. आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी १७३० म्हणजे आपल्या हिशेबानं १७३१. हे विसरलं की बाळ आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं.

या गोंधळात तीन गोष्टी हात देतात. पैकी एक म्हणजे बायकांचं माहेरचं नाव.

मॅन बेटाच्या कागदांत लग्न झालेल्या बाईच्या नावामागे 'एलियस' म्हणजे ऊर्फ लावून माहेरचं आडनाव लिहितात: जेन केली ऊर्फ कॉर्लेट. मृत्युपत्रांत असतं, दफनाच्या नोंदीत असतं, थडग्याच्या दगडावरही कोरलेलं असतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीतही पुष्कळदा आईचं माहेरचं नाव येतं. विल्यम केली तीन असतील, पण कॉर्लेटांची जेन ज्याची बायको तो एकच. म्हणून पुरुषाच्या नावावर नव्हे, जोडप्यावर शोध घ्या.

मग मृत्युपत्रं. ती सतराव्या शतकापासून आहेत आणि मोठ्या जमीनदारांपुरती नाहीत. गाय आणि दोन मेंढ्या सोडून गेलेल्याचीही सापडतात. मृत्युपत्र न करता मेलेल्यांचाही निवाडा लिहिलेला असतो. १८८४ पर्यंत हे काम चर्चच्या न्यायालयांत चालायचं. ती दोन होती, एक बिशपच्या व्हिकार-जनरलचं आणि एक आर्चडीकनचं (हे दोघेही बिशपच्या हाताखालचे चर्चचे अधिकारी), आणि वर्षाचे महिने त्यांच्यात वाटलेले होते. एका मालिकेत कागद मिळाला नाही तर दुसरी उघडल्याशिवाय 'नाही' म्हणू नका. घरच्या चीजवस्तूंच्या अर्ध्या वाट्यावर बायकोचा हक्क होता, म्हणून नवरा जिवंत असताना बायकांनी केलेली मृत्युपत्रंही मिळतात. पोरक्या मुलांवर देखरेखीला बापाच्या बाजूचे आणि आईच्या बाजूचे नातलग नेमत. ही यादी सोन्याची समजा, कारण कोण मामा आणि कोण काका हे ती न विचारता सांगते. मुलाला नाममात्र पैसे ठेवलेले दिसले तर बाप-लेकाचं भांडण झालं असं लगेच ठरवू नका. बऱ्याचदा त्याचा वाटा आधीच दिलेला असतो आणि ही रक्कम पुढचा दावा बंद करण्यासाठी असते.

तिसरा आधार जमिनीचा. सातबारा आणि फेरफार माहीत असलेल्या माणसाला हे दप्तर परकं वाटणार नाही. बेट 'ट्रीन' नावाच्या जमिनीच्या विभागांत वाटलेलं होतं आणि बहुधा चार क्वार्टरलँड, म्हणजे शेतं, मिळून एक ट्रीन. एक क्वार्टरलँड साधारण ५० ते १८० एकरांचं. बेटाच्या लॉर्डच्या, म्हणजे मालक-सरदाराच्या, दप्तरात दोन वह्या चालत. लिबेर असेडेशनिसमध्ये कोणाकडे किती सारा आहे याची यादी, आणि लिबेर वास्तारममध्ये कोणाच्या जागी कोणाचं नाव लागलं ते. ही दुसरी म्हणजे आपली फेरफाराची वही. सगळ्यात जुनी पानं सोळाव्या शतकाच्या आरंभीची, लॅटिनमधली. इथे एक युक्ती कामाची आहे: शेताचा सारा पिढ्यान्‌पिढ्या बदलत नसे. माणसाचं स्पेलिंग बदललं, शेताचं नाव बदललं, तरी शिलिंग-पेन्सचा आकडा तोच असेल तर जमीन बहुधा तीच. शेताचा तुकडा विकला की साराही त्या प्रमाणात फुटतो, तेव्हा तुकड्यांची बेरीज करून बघा.

क्वार्टरलँडची आपल्यासारखी भावाभावांत वाटणी होत नसे. जमीन थोरल्या मुलाला; मुलगा नसेल तर एकट्या थोरल्या मुलीला. त्यामुळे शेत आडनाव बदलून पुढे जातं आणि धाकटे बाहेर पडतात: कोणी मासेमारीला, कोणी लॅक्सी आणि फॉक्सडेलच्या शिशाच्या खाणींत, कोणी डोंगरउतारावरच्या 'इंटॅक' नावाच्या नव्यानं कुंपण घातलेल्या तुकड्यावर, तर १८२० च्या दशकापासून थेट अमेरिकेत ओहायोला. शेतकऱ्याचा मुलगा मजूर दिसला म्हणून दुवा चुकला असं समजू नका. मोठा भाऊ शेतावर आहे का ते बघा.

शेवटी 'बॅला'बद्दल. बॅला म्हणजे शेतवाडी. बॅलाकॉर्लेट अशा नावावर लोक भाळतात आणि 'हे आमचंच मूळ घर' म्हणून फोटो काढून येतात. शेताला नाव पडलं तेव्हाचे कॉर्लेट दोनशे वर्षांपूर्वीच निघून गेलेले असू शकतात. फेरफाराच्या वहीत त्या शेताच्या साऱ्यापुढे तुमच्या पूर्वजाचं नाव दिसेपर्यंत ते घर वंशावळीत लिहू नका.