पांढरं दिसतं ते सगळं पित्त नसतं

एमआरसीपीची, म्हणजे पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणाऱ्या एमआरआयची, फिल्म पहिल्यांदा पाहणारा हरखून जातो. इंजेक्शन नाही, नळी घालणं नाही, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पित्तनलिकेचं अख्खं झाड लख्ख उभं! पण इथेच पाय घसरतो. हे तंत्र जवळजवळ स्थिर असलेला द्रव पांढरा दाखवतं. तो द्रव पित्त आहे, स्वादुपिंडाचा रस आहे की मघाशी प्यायलेलं पाणी, हे मशीनला कळत नाही. म्हणून काही ठिकाणी तपासणीआधी रुग्णाला अननसाचा रस देतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) यांमधला द्रव काळा पडतो. मला हा उपाय फार आवडतो.

आता ड्युओडेनमच्या आतल्या कडेला, पित्तनलिका उघडते त्या तोंडाशी, कधीकधी एक पिशवी असते. डायव्हर्टिक्युलम. उतारवयात ती काही दुर्मिळ नाही. तिच्यात हवा असेल तर सीटीवर ती चटकन ओळखू येते. पण ती नुसत्या द्रवाने भरली असेल, तर स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ समजून रुग्णाला घाबरवून सोडलं जातं. अशा वेळी त्याला पाणी पाजा, कूस बदलायला लावा, पुन्हा पाहा. पिशवीचा आकार बदलतो, हवेचा बुडबुडा वर येतो. ही पिशवी नलिकेवर दाबून खड्याशिवाय कावीळ करते, ते मात्र खरंच विरळा. लेमेल यांनी 1934 मध्ये त्याचं वर्णन केलं. ‘लेमेल सिंड्रोम’ हे नाव रिपोर्टमध्ये लिहिण्याआधी खडा आणि ट्यूमर नाहीत याची खात्री करून घ्या.

याच जागी दुसरी पिशवीही सापडते, कोलेडोकोसील. पित्तनलिकेच्या फुगवट्यांच्या तोडानी यांनी 1977 मध्ये केलेल्या वर्गीकरणातला तिसरा प्रकार. इथे नलिकेचं शेवटचं टोकच ड्युओडेनमच्या भिंतीत फुगलेलं असतं. साध्या एमआरसीपीवर दोन्ही पिशव्या सारख्याच पांढऱ्या. फरक करायचा तर यकृतातून पित्तात उतरणारं कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर उठून दिसणारं औषध) द्यावं आणि साधारण वीस मिनिटांनी पाहावं. कोलेडोकोसील पित्ताबरोबर भरतं. डायव्हर्टिक्युलममध्ये ते पोहोचलंच तर आतड्यातून फिरून, मागाहून. अर्थात कावीळ जोरात असेल तर कॉन्ट्रास्ट पित्तात नीट उतरतच नाही आणि ही युक्ती फसते. मग एन्डोस्कोपी.

एवढी चिकित्सा का, असं तुम्ही विचाराल. कोलेडोकोसीलला बहुधा एन्डोस्कोपने तोंड मोठं करून भागतं. तोडानींच्या पहिल्या आणि चौथ्या प्रकारात मात्र यकृताबाहेरची फुगलेली नलिका काढून टाकतात, कारण पुढे तिथे कर्करोगाचा धोका असतो. त्यांतल्या बऱ्याच रुग्णांत पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका ड्युओडेनमच्या भिंतीबाहेरच एकत्र येतात, त्यामुळे स्वादुपिंडाचा रस उलटा वर चढतो. नलिका फुगलेली दिसली की दोन्ही नलिकांच्या त्या सामाईक भागाची लांबी मोजून रिपोर्टमध्ये लिहा. तो भाग दिसलाच नाही, तर तसंही लिहा. सर्जन फोन करून आधी तेच विचारणार आहे.